वालातलं रिंगण

हेलिकॉप्टरमध्ये बसायचा मान महाडात ज्या मोजक्या माणसांना मिळाला, त्यांतला मी एक. आणि त्यात बसून पोटातलं सगळं बाहेर काढणारा बहुधा एकटाच. हे मी आपणहून सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर आमची विनोदिनी सांगेल, आणि ती जरा जास्तच रंगवून सांगते.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. एमआयडीसीतल्या एका कंपनीला आपल्या कारखान्याचे आकाशातून फोटो हवे होते, गुळगुळीत रंगीत पुस्तिकेसाठी. परवानग्या-बिरवानग्या त्यांनीच काढल्या होत्या. त्यांचा मुंबईचा फोटोग्राफर ऐनवेळी आजारी पडला आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. बाजारपेठेत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो, हे आमचं विश्व. पण ‘श्रीधरशेट, जमेल ना?’ असं कुणी विचारलं की मला नाही म्हणता येत नाही, हा माझा स्वभाव.

कारखाना झकास टिपला. मग त्या पायलटला काय लहर आली कोण जाणे, त्याने मशीन वरंध घाटाकडे वळवलं आणि दरीत एक गिरकी घेतली. तिथे माझा धीर सुटला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि रोल उरलाय तो फुकट कशाला घालवायचा म्हणून मी खाली न बघताच बटण दाबत राहिलो. आमच्या धंद्यात उरलेला रोल जिवावर येतो हो.

मुंबईच्या लॅबमधून प्रिंट आल्या. कारखान्याच्या कंपनीला दिल्या, गिरकीतल्या मी रद्दीत टाकायला काढून ठेवल्या. चहा पिताना विनोदिनीने त्यातली एक सहज उचलली आणि तिचा चहा गार झाला. मी दुसरा करून दिला, तोही झाला.

आता विनोदिनीबद्दल सांगायला हवं. ही माझी बायको, हायस्कुलात भूगोल शिकवते. मुलं तिला टरकून असतात. लग्नाआधी ती पुण्याला पुरातत्त्वाचं एम.ए. करत होती. शेवटच्या वर्षाला असताना वडिलांना अर्धांगवायू झाला, घाईघाईने आमचं लग्न उरकलं आणि ती महाडला आली. परीक्षा राहिली ती राहिलीच. तिने याबद्दल मला एका शब्दाने कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळा झालो असतो.

तर त्या फोटोत काय होतं? वालाची शेतं. भात कापल्यावर आमच्याकडे त्याच जमिनीत वाल पेरतात. त्याला वरून पाणी घालत नाहीत, जमिनीतली ओल आणि दव यांवरच तो निघतो. फेब्रुवारीत तो पिवळा पडू लागतो. या पिवळ्या शेतांत एक हिरवा पट्टा दिसत होता, लांबट, अंड्यासारखा वळलेला आणि पूर्वेला मोकळा. विनोदिनीने मला समोर बसवून शिकवणीच घेतली. जिथे कधीकाळी कुणी खंदक खणला आणि तो गाळाने बुजला, तिथे माती खोल असते, ओल जास्त टिकते. मुळं खाली जातात आणि तिथला वाल चार दिवस उशिरा सुकतो. शेतात उभं राहून काही कळत नाही, वरून मात्र रेघ दिसते.

मी म्हटलं, धनगरांनी मेंढ्या बसवल्या असतील, लेंड्यांचं खत. तिने बोटाने दाखवलं. पट्टा एका शेतातून निघून बांधाखालून पलीकडच्या शेतात शिरत होता आणि वळून परत येत होता. मेंढरं बांधाखालून जात नाहीत. म्हणजे हे जे काही आहे ते बांधांच्या आधीचं, कदाचित लिहिल्या-वाचल्या इतिहासाच्याही आधीचं. वस्तीभोवतीचा खंदक असेल, कदाचित. हा ‘कदाचित’ तिने त्या संध्याकाळी इतक्यांदा म्हटला, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा असा काही उजळत होता, की मी तिला आणखी काही विचारलंच नाही.

तिने पुण्याला आमोद दाबकेला कळवलं. हा तिचा वर्गमित्र. तो एम.ए. झाला, पुढे डॉक्टर झाला, आणि आता कोकणातल्या जुन्या स्थळांची यादी करत होता. त्याचं उत्तर आलं, ‘प्रिय विनू’ असं सुरू होणारं. मी पंचवीस वर्षं विनोदिनी म्हणतोय आणि हा विनू. असो. मजकूर सरळ होता. एका वर्षीच्या एका फोटोवर काही ठरत नाही. भाताच्या रोपांसाठी राब जाळला असेल, पेंढ्याची उडवी रचली असेल, असल्या शंभर भानगडी असतात. पुढच्या हंगामात तीच खूण पुन्हा दिसली तर मी स्वतः येऊन बघतो आणि यादीत घेतो, शोध तुझ्या नावावर. मात्र यादी पुढच्या मे महिन्यात छापायला जाणार. म्हणजे एकच संधी.

आम्ही शेत शोधून काढलं. वरंधच्या खालच्या अंगाला एक छोटा कोंड आहे, दहापंधरा घरांची वाडी. अर्धं शेत ठकूबाईचं निघालं आणि बांधापलीकडचं तिच्या धाकट्या दिराचं, दत्तारामचं. बांधावरच्या फणसावरून दोघांचं बोलणं बंद होतं, इतकं की दत्ताराम तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जायचा आणि एकदा त्यामुळेच गटारात पडला होता.

फोटो बघून ठकूबाई आधी घाबरली. धरणाचा सर्व्हे आला, जमीन जाणार, असं तिने धरलं. विनोदिनी ओटीवर बसली, तिच्याबरोबर वाल सोलत सोलत तिने सगळं समजावलं. या जमिनीत फार जुन्या माणसांची वस्ती असेल, कुणी जमीन नेणार नाही, फक्त बघणार. त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलं. वर्षभर ही दर पंधरवड्याला कोंडावर. येताना कधी करांदे, कधी नाचणीचं पीठ, कधी कारण नसताना कोंबडी. मी तो फोटो मोठा करून ठकूबाईला भेट दिला. तिने तो देवांच्या शेजारी लावला आणि हळदकुंकू वाहिलं.

आणि विनोदिनीने तिला मनातलंही सांगितलं. माघात पुण्याचे सर येणार आहेत. रिंगण पुन्हा दिसलं तर मी म्हणते ते खरं. नाही दिसलं तर माझं आयुष्यभराचं राहून गेलेलं राहूनच गेलं. मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. ठकूबाईकडून कळलं तेव्हा मी स्टुडिओत जाऊन बसलो आणि गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसलो.

पण नुसता खेकसून गप्प बसणारा मी नव्हे. दुसऱ्यांदा हेलिकॉप्टर कोण देणार? म्हणून मी पतंग केला. हसू नका. बांबूच्या कामट्या, छत्रीचं काळं कापड, माणसाएवढा. त्याखाली प्लास्टिकचा हलका कॅमेरा, काळ्यापांढऱ्या रोलचा, कारण तो मी घरीच धुऊ शकतो. भिंगावर नारिंगी काच चिकटवली, म्हणजे हिरवं गडद आणि पिवळं फिकट उमटतं. बटण वरून कोण दाबणार? तर रबर ताणून दोऱ्याने बांधायचं आणि दोऱ्याला पेटती उदबत्ती लावायची. उदबत्ती जळत दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटतो, रबर सुटतं, फोटो निघतो. एका चढणीला एक फोटो. पहिले प्रयोग गांधारी नदीच्या वाळूत झाले. त्यात एक कॅमेरा गेला, माझा एक दात हलला आणि अख्ख्या पेठेला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

पूर्वपरीक्षांच्या धामधुमीत विनोदिनीला तीन आठवडे कोंडावर जाता आलं नाही. आणि मग आमोद आला. मी मनात कुणी उंच, नाकेला, सोनेरी चष्म्याचा माणूस रंगवला होता. एसटीतून उतरला तो ढेरपोट्या, टकल्या, हातात आंबावडीचं पुडकं घेऊन. माझा त्याच्यावरचा राग तिथेच निम्मा झाला.

सकाळी आम्ही कोंडावर पोचलो. ठकूबाई नवं लुगडं नेसून वाटेवरच उभी. मागे तिचा मुलगा मोरू, मुंबईला स्लॅबच्या सेंटरिंगची कामं घेतो, पूजेसाठी गावी आलेला. त्याच्यामागे अर्धी वाडी. आम्हाला शेताकडे नेलं आणि आमोद बांधावर उभा राहून ओरडलाच. पिवळ्या वालात हिरवंगार रिंगण, जमिनीवरून, साध्या डोळ्यांना दिसणारं. त्याने लगेच पिशवीतून कागद काढले. विनू, जिंकलीस तू, असं म्हणत त्याने लिहायलाच सुरुवात केली. प्रवासाने शिणलेला, आनंदलेला माणूस, त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

मीही टाळी वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात विनोदिनीकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती. ती वाकली, चिमूटभर माती उचलली, हुंगली. रिंगण गोल होतं, अगदी परातीसारखं. पूर्वेची मोकळी जागा नव्हती. आणि बांधाच्या अलीकडे हातभर ते शहाण्यासारखं वळलं होतं.

तिने ठकूबाईला हळूच विचारलं. ठकूबाईचा चेहरा अभिमानाने फुलला.

“बाय, पुन्याचे पावने यायचे, नि रिंगान नीट दिसलं नाय तर तुजी शोभा झाली असती. म्हनून आमी सगळ्यांनी मिळून शेनपानी घातलं. मोरूनं खुंटी मारून दोरीनं गोल आखला. बग कसं झ्याक आलंय.”

मोरूने पुढे येऊन तांत्रिक बाजू समजावली. फोटो तिरका काढलेला, म्हणून त्यात ते लांबट दिसतंय, असं त्याने ताडलं. असलं काम मुळात गोलच असणार. पूर्वेला जी फट होती ती त्याला पिकातली खोट वाटली, ती त्याने भरून काढली. आणि बांधापलीकडे का नाही नेलं? तिकडे काकाचं शेत. त्याच्या शेतात आपलं रिंगण कशाला. पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, हंड्याहंड्याने पाणी आणून वाडीने पंधरा दिवस ते शिंपलं होतं, पुण्याच्या पाहुण्यांपुढे आपल्या बाईंचं नाक खाली होऊ नये म्हणून.

आमोद थोडा लांब, बांधावर बसून लिहीत होता. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. मी तुम्हाला खरं सांगतो, मी विनोदिनीला डोळ्यांनी खुणावलं की गप्प बस. रिंगण होतंच ना खाली? गेल्या वर्षी दिसलं होतं ना? मग या वर्षी थोडा हात लागला तर कुणाचं काय बिघडलं? पण ही मास्तरीण. ती सरळ चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आमोद, लिहू नकोस. हे खरं नाही. माझ्यावरच्या मायेपोटी गावाने पाणी घालून केलंय.”

त्याचं पेन थांबलं. तो उठला, रिंगणाभोवती फिरला, दोन ठिकाणी माती उकरून पाहिली. मग दत्तारामच्या शेताकडे बराच वेळ बघत राहिला. तिकडे सगळं सारखंच पिवळं, नजरेला काही लागेना. शेवटी त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, या शेतात आता यंदा काही कळणार नाही, पाण्याने सगळं एक झालंय. यादी मेमध्ये जाणार. तो वाईट बोलला नाही, पण त्याने तिला विनू म्हटलं नाही, आणि ते मला फार लागलं. काय माणूस असतो बघा, विनू म्हटलं तरी त्रास, नाही म्हटलं तरी त्रास.

ठकूबाईला आपण काय केलं ते हळूहळू उमगलं. ती मटकन बांधावर बसली आणि पदर तोंडाशी धरला. विनोदिनी तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, आणि माझ्यासाठी इतकं कुणी केलं नाही हो, असं म्हणाली. ते ती मनापासून बोलत होती. नंतर आम्ही सगळे वालाचं बिरडं आणि भाकरी जेवलो. विनोदिनीने दोनदा वाढून घेतलं.

मला संताप आला होता. मोरूवर, आमोदवर, छापखान्यावर, सगळ्यांवर. म्हटलं, खूण गेली खड्ड्यात, पण मी चार महिने खपून केलेला पतंग न उडवता परत न्यायचा नाही. दुपारी दरीतून वारा वर चढायला लागला. मोरूला म्हटलं, फार हौस आहे ना कामाची, धर दोरी. त्याने बिचाऱ्याने मुकाट्याने धरली. पतंग वर गेला. उदबत्ती विझली. पुन्हा उतरवला, पुन्हा पेटवली. ओळीने तीनचार चढणी झाल्या. शेवटच्या खेपेला पतंग बांधावरच्या फणसावर आदळला आणि छत्रीच्या कापडाच्या चिंध्या झाल्या. कॅमेरा तेवढा वाचला.

आमोद मुक्कामाला आमच्याकडेच होता, सकाळच्या गाडीने जाणार होता. महाडला आल्याआल्या मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत घुसलो. रोल धुतला, पंख्याखाली वाळवला. पहिल्या दोन फोटोंत आभाळ आणि मोरूचं मुंडासं. तिसऱ्याचा कागद औषधात बुडवला आणि लाल दिव्याखाली बघत बसलो. आधी मोरूचा गोल उमटला, काळाकुळकुळीत, कंपासने काढल्यासारखा. मग कागदाच्या उजवीकडे, बांधापलीकडे, काहीतरी करडं यायला लागलं. मला वाटलं, औषध जुनं झालं. पण ते थांबेना. बांधाखालून एक पुसट करडा पट्टा निघाला, दत्तारामच्या शेतात शिरला, वाकडातिकडा वळला. पूर्वेला मोकळी जागा सोडली आणि पुन्हा बांधाकडे येऊन मोरूच्या गोलाखाली दिसेनासा झाला.

मी ओरडलो नाही. कागद फिक्सरच्या ट्रेमध्ये टाकला, दार उघडलं आणि नुसतं हाताने बोलावलं. विनोदिनी आली. ट्रेवर वाकली. मग गेल्या वर्षीचा फोटो आणून शेजारी धरला. तोच बाक, तीच फट.

आमोद आला, भिंग लावून बसला. उठला तेव्हा त्याच्या टकलावर घाम होता. तरी तो पक्का मास्तर. म्हणाला, एक शंका उरते. त्या शेतकऱ्यानेही पाणी घातलं नसेल कशावरून? ते विचारल्याशिवाय मी अक्षर लिहिणार नाही. आणि आणखी एक म्हणाला, तेही सांगतो. सकाळी तू गप्प बसली असतीस, तर मी तो गोल लिहून घेतला असता, आणि हा फोटो निघाल्यावर तुझं दुसरं काहीच मी खरं धरलं नसतं, विनू. या वेळी मला विनू चाललं.

सकाळी त्याने गाडी सोडली आणि आम्ही पुन्हा कोंडावर. थेट दत्तारामच्या अंगणात. तो दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण. आमोदने फार नम्रपणे विचारलं, की रिंगणासाठी आपणही आपल्या शेतात थोडं पाणी घातलं होतंत का. दत्तारामचा वस्तरा हवेतच राहिला.

“तिच्या रिंगनाला मी पानी घालीन? माज्या वालाला मी घालत नाय. देवाची आन घेऊ काय? वाडीला इचारा, माज्या बांधावर त्या लोकांचा पाय तरी पडू दिलाय काय मी.”

वाडीला विचारायची गरजच नव्हती. वाडी कुंपणाशी येऊन उभीच होती, आणि या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. त्या शेतात पंधरा दिवसांत थेंब पडलेला नाही. पडला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर सगळ्यांना पाठ असतं. आमोद हसायला लागला. दोन शेतांत इतका कडक पहारा मी आजवर कुठे पाहिला नाही, म्हणाला. संशोधनाला असं वैर मिळायला भाग्य लागतं.

ठकूबाई फोटो बघायला आली. दिराच्या अंगणात ती किती वर्षांनी पाय ठेवत होती देव जाणे. तिने फोटो उलटासुलटा करून पाहिला, मोरूच्या गोलावर बोट ठेवलं आणि आमचा जास्त चांगला आलाय असं मत दिलं. दत्ताराम भलतीकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की फट त्याच्या शेतात आहे, म्हणजे वेस त्याच्या शेतात, म्हणजे गाव त्याचं. ठकूबाई भिंतीकडे बघून म्हणाली, की वेशीला कोण विचारतो, माणसं राहायची ती माझ्या अर्ध्यात. याला बोलणं म्हणावं की नाही, यावर कोंडात अजून वाद आहे.

आमोदने तिथेच ओट्यावर बसून नोंद लिहिली. वरंधखालचा कोंड, वालाच्या पिकातून दिसणारी खंदकाची खूण, दोन हंगामांत, संभाव्य इतिहासपूर्व वस्तीचं आवार. खाली शोध लावणाऱ्याचं नाव. मग त्याने तो कागद विनोदिनीपुढे धरला, काही चुकलंय का बघ म्हणून.

तिने तो वाचला. आपल्या नावापाशी आल्यावर तिचे ओठ हलले. मग शाळेत मुलांचा थरकाप उडवणारी ही बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून, अख्ख्या वाडीसमोर, भर सकाळी हुंदके देऊन रडायला लागली. मी गोंधळलो. हातातला फोटो सांभाळू की हिला सांभाळू. हळूच म्हटलं, अगं, लोक बघतायत.

“बघू देत,” ती म्हणाली.